लाकडी बोट घेण्याआधी : माधवला पत्र

ब्रॉन्स्टन, नॉर्थम्प्टनशायर
20 ऑक्टोबर 2024

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे जाहिरातीचे कात्रण मिळाले. रिकमन्सवर्थला वॉकर बंधूंच्या यार्डात 1930 च्या दशकात बांधलेली, सत्तर फूट लांबीची, चालू इंजिनाची लाकडी नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठीची चिंचोळी बोट, आणि किंमत 15,000 पौंड. एवढ्याच लांबीच्या बऱ्या पोलादी बोटीला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, मग ही इतकी स्वस्त का, आणि निवृत्तीचे पैसे हाती आलेच आहेत तर घेऊन टाकावी का, असे तू विचारतोस. स्वस्त आहे, कारण पुढच्या दुरुस्तीचे बिल विकणाऱ्याला दिसू लागले आहे. ते बिल कशाकशाचे असते, हे मी स्वतः लाकडी बोट पाळत असल्यामुळे तुला सविस्तर सांगू शकतो.

हार्टलपूलला जाऊन तू ट्रिंकोमाली ही जुनी लाकडी युद्धनौका पाहून आलास, आणि तेव्हापासून लाकूड म्हणजे दोनशे वर्षांची निश्चिंती असे धरून चालला आहेस. पण ती फ्रिगेट 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली आहे, आणि तिचेही पुनरुज्जीवन 1990 पासून 2001 पर्यंत चालले होते. कालव्यावरच्या बोटींच्या नशिबी साग नव्हता. त्यांच्या बाजूच्या फळ्या साधारणपणे ओकच्या, दीड-दोन इंच जाड, आणि तळाच्या फळ्या एल्म नावाच्या झाडाच्या, तीन इंच जाड, आडव्या टाकलेल्या. मुख्य म्हणजे ज्या माल वाहणाऱ्या कंपन्यांनी त्या बांधवून घेतल्या, त्यांच्या लेखी लाकूड हा खर्ची पडणारा माल होता. कंपनीची स्वतःची गोदी असे, पगारी सुतार असत, बोट ठरावीक काळाने वर येई, दोन-चार फळ्या बदलल्या जात आणि ती पुन्हा कोळसा भरायला जाई. वीस-पंचवीस वर्षे काम झाले की तिने आपली किंमत वसूल केली असे समजत. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि आधीच मोडकळीला आलेला हा मालवाहतुकीचा धंदा जवळजवळ संपला. तेव्हा नको झालेल्या कितीतरी लाकडी बोटी सरळ बुडवून टाकल्या गेल्या. ज्या उरल्या, त्या बांधणाऱ्यांनी कल्पिलेल्या आयुष्याच्या तिप्पट-चौपट जगत आहेत, आणि त्यांच्यामागे ना कंपनी आहे, ना पगारी सुतार. मालक होताक्षणी त्या दोघांची जागा तुलाच घ्यावी लागणार आहे.

तुझे आजोळ हर्णैचे, तेव्हा तुझ्या मनातली लाकडी होडी खाऱ्या पाण्यातली आहे, आणि इथे सगळेच उलटे होते. तिकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. नॅरोबोट अशी कोरडी ठेवली तर फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात, आणि पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून सांधे पुन्हा मिटेपर्यंत पंप अखंड चालवावा लागतो. समुद्रातल्यासारखी लाकूड पोखरणारी कीड कालव्यात नाही, पण मीठही नाही, आणि मीठ लाकूड टिकवते. गोड्या पाण्यात लाकडाचा खरा शत्रू पाऊस. सतत पाण्याखाली असलेला एल्मचा तळ वर्षानुवर्षे टिकतो, त्याला डांबरसुद्धा लावत नाहीत. पण पाण्याच्या रेषेवरची फूटभर पट्टी, जी कधी ओली तर कधी कोरडी असते, आणि वरच्या कडांवर जिथे पाऊस साचून आत झिरपतो, तिथे कूज धरते. केबिनच्या आत श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार फळीवर जमते, तिचाही हाच परिणाम. त्यामुळे ताडपत्री धड असणे, छताचे कॅनव्हास वेळच्या वेळी रंगवणे आणि खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे, ही कंटाळवाणी कामे मी सर्वांत महत्त्वाची मानतो. त्यांना पैसा फार लागत नाही. मात्र ती टाळली तर पुढे फार लागतो.

ओकची आणखी एक खोड आहे. त्याच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, आणि ते लोखंडी खिळ्यांना खाते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच क्रिया इथे खिळ्याभोवती होते : आधी निळसर काळा डाग पडतो, मग लाकूड मऊ होते, आणि शेवटी खिळ्याचे डोके जागेवर दिसते पण आतला भाग झिजून गेलेला असतो. वरून रंग चकचकीत असला तरी त्यावर जाऊ नकोस. मी कोणतीही लाकडी बोट पाहायला गेलो की खिशात सुताराचा टोच्या ठेवतो आणि मालकाची परवानगी घेऊन पाण्याच्या रेषेलगत, पुढच्या टोकाच्या वळणावर आणि मागे, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या वर, तो दाबून पाहतो. चांगल्या ओकमध्ये टोक जेमतेम शिरते. कुजलेल्यात ते भिजलेल्या भाकरीत बोट रुतावे तसे निमूट आत जाते. तशी जागा एक सापडली तर शेजारी आणखी सापडतातच, कारण पाणी रंगाआडून लांबवर सरकत असते.

आता एक फळी बदलण्याचा हिशेब ऐक. वीस-पंचवीस फुटांची, गाठी नसलेली ओकची फळी आधी शोधावी लागते, कारण साध्या लाकडाच्या वखारीत ती नसते. जुनी फळी काढताना खिळे तुटतात, ते एकेक उपसावे लागतात, आणि फळी निघाली की आतला टेकूही बाद झालेला आढळतो, तो वेगळा. पुढच्या टोकाची फळी वाकवायची तर ती वाफेच्या पेटीत शिजवावी लागते, इंचभर जाडीला साधारण तासभर या प्रमाणात. बाहेर काढल्यावर ती गार होण्याच्या आत, म्हणजे मोजक्या मिनिटांत, चार माणसांनी पळत नेऊन शिकंज्यांनी आवळून बसवायची असते. त्या वेळी कोणी कोणाशी सभ्यपणे बोलत नाही. आतल्या बाजूला पूर्वी डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र उकळून केलेला लेप देत. मी तो करताना पाहिला आहे, आणि त्याचा वास तुझ्या वैशालीला चालणार नाही एवढे नक्की सांगतो. मग सांधे भरायचे : दोरखंडाचे पिंजलेले, डांबर लावलेले तंतू, ज्यांना ओकम म्हणतात, ते छिन्नीसारख्या बोथट हत्याराने आणि लाकडी हातोड्याने फटीत ठासायचे. सांधा अपुरा भरलेला असतो तोवर ठोक्याचा आवाज बद्द येतो, आणि पुरता भरला की एकदम टणक होतो. जाणता कारागीर नजरेपेक्षा कानावरच काम करतो. असा कारागीर आता विरळा, म्हणून लाकडापेक्षा त्याच्या वेळेचेच पैसे जास्त होतात. बाजूंच्या फळ्या, टेकू आणि तळ असे सगळे काढून करायचे ठरले, तर तुझे 15,000 पौंड हा केवळ पहिला हप्ता ठरेल.

तळासाठी एल्मच हवा असा हट्ट करशील, तर तोही सोपा नाही. 1970 च्या सुमारास एल्मचा रोग इथे पसरला, सालीखालच्या भुंग्यांनी ती बुरशी झाडोझाडी नेली आणि दोन कोटींहून अधिक झाडे गेली. म्हणून आता बहुधा उष्ण प्रदेशातले जड लाकूड वापरतात.

नेहमीचा खर्च यापेक्षा सरळ आहे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना लांबीवर ठरतो, सत्तर फुटांना तो वर्षाला हजार पौंडांच्या बराच वर जातो, आणि जुन्या मालवाहू बोटींना थोडी सूट मिळते. बोट बांधायला कायमची जागा नसेल, तर साधारणपणे दर चौदा दिवसांनी पुढे सरकावे लागते, आणि अशा बोटींना एप्रिल 2024 पासून अधिभारही सुरू झाला आहे. जागा घेतलीस तर भाडे बहुधा लांबीवर. शिवाय मुलीकडे लीड्सला बोटीने जाण्याचा तुझा बेत या लांबीत बसत नाही : लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर त्या बाजूची लॉक (बोटीला वरखाली नेणारे दारांचे हौद) सुमारे 62 फुटांच्या बोटीपुरती आहेत.

जाहिरातीत “सेफ्टी सर्टिफिकेट 2027 पर्यंत” असे ठळक छापले आहे, त्याला भुलू नकोस. ते प्रमाणपत्र चार वर्षांचे असते आणि त्यात गॅस, वीज, इंधन, आग यांची तपासणी होते. बोटीचा सांगाडा धड आहे की नाही, याबद्दल ते काहीही म्हणत नाही. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून अहवाल घ्यावा लागतो, आणि सर्वेक्षक लाकूड जाणणारा असला पाहिजे, कारण पोलादाची जाडी मोजणारे पुष्कळ आहेत. विमा कंपनीही लाकडी बोटीला असा अहवाल मागते, काही कंपन्या तर लाकूड म्हटल्यावर फोनच ठेवतात.

आणि पंप. लाकडी बोट थोडीफार गळतेच. किती गळते ते माहीत असणे महत्त्वाचे. तळातल्या पाण्याचा पंप बॅटरीवर आपोआप चालतो, म्हणून बॅटरी मेली की बोट बुडते. हिवाळ्यात उन्हाअभावी सोलर पॅनेल जवळजवळ निरुपयोगी होते, तेव्हा किनाऱ्यावरची वीज असलेली जागा हवी, किंवा दर आठवड्याला जाऊन पाहणारा माणूस हवा. तू रेडिंगला, बोट इथे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दोघांनी पुण्याला जायचे ठरलेले; हे जमणार कसे? त्याच महिन्यांत बर्फही असते, आणि पातळ बर्फातून बोट हाकली तर त्याची धार नेमकी पाण्याच्या रेषेवर ओक कापत जाते. जुन्या बोटींच्या पुढच्या टोकाला लोखंडी पत्रे ठोकलेले दिसतात ते यासाठीच.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. कालव्यांवरून हिंडायचे असेल, तर 57 फुटांच्या आतली पोलादी बोट घे. तिला दोन-तीन वर्षांतून एकदा डांबर लावले की बरेचसे भागते, आणि ती मुलीच्या दारापर्यंतही जाईल. लाकडाचीच ओढ असेल, आणि ती तुला आहे हे मला शाळेपासून ठाऊक आहे, तर ही बोट सोड आणि जिचा तळ व फळ्या अलीकडे बदलल्या आहेत, कामाची बिले आणि छायाचित्रे मालकाने जपली आहेत, अशी दुप्पट किमतीची घे. ती शेवटी स्वस्त पडेल. तिसराही मार्ग आहे : मँचेस्टरजवळ अ‍ॅश्टन-अंडर-लाइनला लाकडी बोटींचीच एक संस्था आहे, तिथे स्वयंसेवकांचे हात चालतात. काही महिने तिथे राबलास, तर आपल्याला बोट हवी आहे की सुतारकाम, हे तुझे तुलाच समजेल. मला स्वतःला सुतारकामच जास्त आवडते, म्हणून मी यात टिकलो. तुला चिखलात पालथे पडून हातोडा मारायची हौस कितपत आहे, हे वैशालीला विचारून कळव.

माझी बोट मार्चमध्ये सुक्या गोदीत येते. हवा गार असली की लाकूड लवकर वाळत नाही, म्हणून मी उन्हाळ्यात तिला कधीच वर घेत नाही. तेव्हा चार दिवस इथे ये, सांधे भरायला बस, आणि हाताशी असलेल्या फळीवर टोच्या चालवून पाहा. कपडे जुनेच आण, डांबर निघत नाही. तोवर त्या माणसाला भेट, बोट पाहा, चहा पी, पण सर्वेक्षकाचा अहवाल हाती आल्याशिवाय विसार म्हणून एक पौंडही देऊ नकोस.

वैशालीला नमस्कार सांग, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास