सर्व तिकिटे घेतली म्हणून नफा ठरलेला नसतो

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ‘खात्रीशीर नफ्याचे गणित’ हा लेख काळजीपूर्वक वाचला आणि वाचून मनस्वी चीड आली. लेखकाची भाषा ओघवती आहे आणि विषयही रंजक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु लॉटरीतील आकड्यांचे सगळे संच विकत घेतले की नफा मिळणारच, असे विधान आपल्यासारख्या जबाबदार वृत्तपत्राच्या मथळ्यात छापले जाते, तेव्हा वाचणाऱ्यांपैकी काही जण ते खरे मानून खिशात हात घालतात, याची जाणीव संपादकीय विभागाने ठेवायला हवी होती. सगळे संच घेतल्याने विजेता संच आपल्याकडे असण्याची खात्री मिळते, एवढेच खरे आहे. ही खात्री आणि नफ्याची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संपूर्ण लेखात हा फरक एका वाक्यानेही सांगितलेला नाही.

लेखाचा सगळा डोलारा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या 1992 मधील सोडतीवर उभा आहे, म्हणून तीच घेऊ. 44 आकड्यांतून 6 निवडायचे, म्हणजे 70,59,052 संच होतात; तिकीट एक डॉलरचे; जॅकपॉट, म्हणजे सगळे आकडे जुळणाऱ्यांत वाटले जाणारे मुख्य बक्षीस, सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलरचा. लेखकाने जॅकपॉटमधून सगळ्या संचांची किंमत वजा केली आणि उत्तराला नफा म्हटले. प्रत्यक्षात हा प्रयत्न करणाऱ्या ऑस्ट्रेलियन गुंतवणूकदारांच्या गटाला सगळे संच घेताच आले नाहीत. दुकानांतील यंत्रांवर इतकी तिकिटे वेळेत निघणे शक्य नव्हते, आणि सोडतीपर्यंत त्यांच्या हाती सुमारे 50 लाखच तिकिटे पडली. जवळजवळ 20 लाख संच बाहेर राहिले असताना विजेता आकडा त्यांच्या तिकिटांत निघाला, हे त्यांचे नशीब होते. तिथे गणिताची हमी नव्हती. शिवाय तो जॅकपॉट एकरकमी मिळणारा नव्हता, तर 20 वार्षिक हप्त्यांत मिळणार होता. समजा त्या दिवशी आणखी दोघांनी तेच आकडे लावले असते, तर या गटाच्या वाट्याला वर्षाला साधारण साडेचार लाख डॉलर आले असते. सत्तर लाख डॉलर साडेसहा टक्के व्याजाने ठेवले तरी वर्षाला तेवढेच मिळतात आणि मुद्दल शाबूत राहते. आयुष्यभर बँकेत ठेवींचे व्याज मांडलेल्या माणसाला हा हिशेब कागद न घेताही दिसतो. तो पुरवणीच्या संपादकांना दिसू नये, याचे वाईट वाटते.

‘आणखी दोघांनी तेच आकडे लावले असते तर’ ही माझी कल्पनाविलासाची भाषा आहे असे कोणास वाटेल, म्हणून त्याच वर्षीचे आयर्लंडचे उदाहरण सांगतो, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. मे 1992 च्या अखेरीस तेथील राष्ट्रीय लॉटरीत 36 आकड्यांतून 6 निवडायचे होते. एकूण संच 19,47,792. प्रत्येक संचाला अर्धा पौंड, म्हणजे सगळे घेण्याचा खर्च 9,73,896 पौंड. जॅकपॉट होता सुमारे 17 लाख पौंडांचा. डब्लिनच्या एका गटाने महिनोन्‌महिने आधीपासून हाताने चिठ्ठ्या भरून ठेवल्या होत्या. लॉटरी चालवणाऱ्यांना सुगावा लागताच त्यांनी मोठी विक्री होत असलेली यंत्रे बंद करण्यास सुरुवात केली, त्यामुळे इथेही सगळे संच मिळाले नाहीत, पण बहुतेक मिळाले. विजेता संच त्यांच्याकडे होता. आणि तोच संच आणखी दोघांकडेही होता. सतरा लाखांचे तीन वाटे झाले आणि या गटाला जॅकपॉटमधून पावणेसहा लाखांच्या आतच रक्कम मिळाली, म्हणजे केलेल्या खर्चापेक्षा बरीच कमी.

तरीही ते तोट्यात गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. त्या आठवड्यात सुट्टीनिमित्त चार आकडे जुळणाऱ्या प्रत्येक तिकिटाला 100 पौंडांचे खास बक्षीस जाहीर झालेले होते. 36 पैकी 6 च्या खेळात नेमके चार आकडे जुळणारे संच 6,525 असतात. त्यातील बहुतेक या गटाकडे होते, आणि त्या लहान बक्षिसांनी त्यांना वाचवले. ती सवलत त्या आठवड्यात नसती, तर तीन वाटे झालेल्या जॅकपॉटने त्यांना बुडवले असते. तेव्हा या प्रकरणातून काढायचाच असेल तर एवढाच निष्कर्ष निघतो की लॉटरी चालवणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने नियमांत फट ठेवली होती आणि काही हुशार माणसांनी ती हेरली. आयर्लंडच्या लॉटरीने त्यानंतर आकडे 36 वरून 39 केले, त्याबरोबर संचांची संख्या 32,62,623 झाली, आणि ती फट बुजली.

वाटेकरी किती असतील हे आधी कधीच कळत नाही, आणि जॅकपॉट जितका फुगतो तितके इतर लोकही तिकिटांसाठी रांगा लावतात. संचांच्या संख्येइतकीच तिकिटे इतरांनी आपापल्या मनाने घेतली, तर आपण एकटेच विजेते ठरण्याची शक्यता सुमारे 37 टक्के उरते. उरलेल्या 63 टक्के वेळा कोणी ना कोणी वाटेकरी निघतो. टेक्सासमध्ये एप्रिल 2023 मध्ये एका गटाने अडीच कोटींहून अधिक डॉलर खर्चून जवळजवळ सर्व 2,58,27,165 संच घेतले आणि एकट्याने जॅकपॉट नेला, हे खरे आहे; 9 कोटी 50 लाखांच्या त्या जॅकपॉटऐवजी त्यांनी एकरकमी घेतलेली रक्कम 5 कोटी 78 लाखांची होती. पण त्या प्रकरणावर तेथे इतका गदारोळ झाला की 2025 मध्ये विधिमंडळाने लॉटरी आयोगच बरखास्त करून ते काम दुसऱ्या खात्याकडे सोपवले. हा रस्ता उघडा आहे असे वाचकांना भासवणे म्हणूनच चुकीचे आहे.

आता ज्यामुळे मी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. मी एका बँकेच्या सातारा जिल्ह्यातील शाखेत नोकरीला होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमचे एक खातेदार, निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळे गाव गुरुजी म्हणत असे, माझ्या टेबलापाशी आले आणि परदेशातील एका ‘लॉटरी संघा’च्या नावाने डॉलरचा ड्राफ्ट मागू लागले. सोबत एका वृत्तपत्राचे कात्रण होते, घडी घालून घालून मऊ झालेले. त्यात हीच व्हर्जिनियाची हकीकत होती आणि त्यातही ‘खात्रीशीर’ हा शब्द होता. गुरुजींनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले की लॉटरीच्या तिकिटांसाठी परदेशी पैसे पाठवण्यास परकीय चलनाच्या नियमांनुसार मनाई आहे, हा ड्राफ्ट कोणतीही बँक देणार नाही. ते संतापले. ‘अहो साहेब, मी चाळीस वर्षे गणित शिकवलंय, मला बेरीज-वजाबाकी समजावू नका,’ असे म्हणाले आणि कात्रण उचलून निघून गेले. पुढे कळले की पैसे ‘दुसऱ्या मार्गाने’ पोचवून देतो म्हणणारा एक मध्यस्थ त्यांना भेटला होता. घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेली ग्रॅच्युइटीची रक्कम त्यांनी त्याच्या हवाली केली. पावती नाही, नाव खोटे, पत्ता खोटा. आणि व्यवहारच बेकायदा, त्यामुळे पोलिसांत जाण्याची हिंमत नाही. त्यांच्या पत्नी मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत आल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहणे मला अवघड झाले होते. गुरुजींची बेरीज-वजाबाकी अचूकच होती. पण त्यांच्या हातात दिलेल्या कागदावर निम्मेच आकडे होते, आणि शिक्षक म्हणून छापील अक्षरावर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय होती. रविवारच्या आपल्या लेखातही तेच निम्मे आकडे आहेत.

लेखाच्या शेवटी ‘आपल्याकडेही असा प्रयोग कोणी करायला हरकत नाही’ असे एक वाक्य आहे. हरकत आहे, आणि ती कायद्याने व अंकगणिताने दोन्ही बाजूंनी आहे. राज्य सरकारच्या कागदी लॉटरीत तिकिटे ठरावीक छापली जातात आणि बक्षिसांची एकूण रक्कम आधीच ठरलेली असते. विक्रीच्या रकमेतून जीएसटी, विक्रेत्यांचे कमिशन, छपाई आणि शासनाचा वाटा बाजूला काढून मग बक्षिसे दिली जातात. अशा लॉटरीची यच्चयावत तिकिटे एकाच माणसाने घेतली, तर त्याला मिळेल ती हमी फक्त तोट्याची असेल.

त्याहून गंभीर बाब प्राप्तिकराची आहे. लॉटरीच्या बक्षिसावर आपल्याकडे 30 टक्के कर लागतो, आणि त्यातून कोणत्याही खर्चाची वजावट मिळत नाही. न लागलेल्या तिकिटांची किंमतही वजा करता येत नाही. म्हणजे एखाद्याने 1 कोटी रुपयांची तिकिटे घेऊन दीड कोटीची बक्षिसे मिळवली, तर जगाच्या दृष्टीने त्याला 50 लाखांचा नफा झाला. परंतु कर 50 लाखांवर लागत नाही, पूर्ण दीड कोटीवर लागतो. 30 टक्के कर, त्यावर 15 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर धरला तर ही रक्कम सुमारे 54 लाख होते. त्याच्या हाती 96 लाख उरतात, म्हणजे जिंकूनही सुमारे 4 लाखांचे नुकसान. हा नियम गुप्त नाही. कोणत्याही करसल्लागाराला दूरध्वनी केला असता तर पाच मिनिटांत कळला असता. अर्थविषयक पुरवणी काढणाऱ्या वृत्तपत्राने तेवढे करायला हवे होते.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवतो, कारण ती याच पानाशी संबंधित आहे. या लेखाच्या शेजारच्या रकान्यात राशिभविष्य होते आणि प्रत्येक राशीखाली त्या आठवड्याचा ‘शुभ अंक’ दिलेला होता. डावीकडे गणिताने लॉटरी जिंकण्याची हमी आणि उजवीकडे लावायला आकडा, अशी ही मांडणी कोणी जाणूनबुजून केली असेल असे मी म्हणत नाही. पण आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सोमवारी तेच पान माझ्यासमोर धरले आणि ‘काका, यातला कोणता नंबर घेऊ?’ असे विचारले. त्याला समजावताना माझा अर्धा तास गेला, आणि त्याला पूर्ण पटले आहे असे मला अजूनही वाटत नाही.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच आकाराच्या मथळ्याखाली आयर्लंडचे तीन वाटे, व्हर्जिनियात न मिळालेली 20 लाख तिकिटे, परदेशी लॉटरीला पैसे पाठवण्यावरील मनाई आणि आपल्याकडील कराचा हिशेब छापावा. आतल्या पानावर तळाशी दोन ओळींचा खुलासा पुरेसा होणार नाही. हे पत्र जागेअभावी काटायचे झाल्यास बाकी काहीही काटावे, परंतु कराचा परिच्छेद आणि गुरुजींची हकीकत कृपया तशीच ठेवावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा