टॅकल सोडून सेंटरला जाताना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. मी अजून काही दिवस पुण्यातच आहे. काल कोचनी तुला अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये लेफ्ट टॅकलवरून सेंटरला, म्हणजे लाइनच्या (पुढच्या पाच अडवणाऱ्यांच्या रांगेच्या) डाव्या टोकावरून मधोमध हलवलं एवढंच सांगून तू फोन ठेवलास. मला त्यावर बरंच बोलायचंय, म्हणून हे पत्र.

टॅकलची जागा मानाची आहेच. लाइनच्या मागून बॉल फेकणारा क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला, की त्याची पाठ लेफ्ट टॅकलच्या बाजूला असते, तिकडून त्याला पाडायला येणारा त्याला दिसतच नाही. आपल्या क्लीव्हलंड ब्राउन्स टीमचा जो थॉमस तिथे २००७ ते २०१७ सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे डाव, खेळला, मधे एकही न चुकवता. पण टॅकलच्या समोरचा गडी कडेने मोकळ्या मैदानातून धावत येतो. मागे सरकत सरकत त्याला लांब हातांनी दूर ठेवावं लागतं. तुझे खांदे रुंद आहेत, पाय दणकट आहेत, हात मात्र तेवढे लांब नाहीत. कोचनी ते नेमकं पाहिलं. ही शिक्षा नाही रे.

सेंटरला आधी डोकं लागतं. समोरची मांडणी वाचायची, मधला लाइनबॅकर (त्यांच्या पुढच्या रांगेमागचा बचावपटू) कोण ते बोट दाखवून ओरडून सांगायचं. त्यावरून कुणी कुणाला अडवायचं हे बाकीचे चौघं ठरवतात. तू भलताच माणूस दाखवलास तर पाचही जण एकदम चुकतात आणि कुणीतरी मोकळा सुटतो. तू घरात सगळ्यांचं वेळापत्रक लक्षात ठेवणारा मुलगा, हे तुला जमेल याची मला खात्री आहे.

मग स्नॅप, म्हणजे पायांमधून बॉल मागे देऊन डाव सुरू करणं. शॉटगन नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा असतो, बॉल त्याच्या छातीशी पोचला पाहिजे. आणि तुझ्यात नि नोज टॅकलमध्ये, म्हणजे अगदी समोरच्या बचावपटूमध्ये, अंतर असतं बॉलच्या लांबीएवढं! तुझा एक हात अजून पायांच्या मधून मागे गेलेला असतो आणि तो अंगावर आलेला असतो. तेव्हा मोकळा हात आणि पहिलं पाऊल, एवढ्यावरच सगळं. मला विचारशील तर अख्ख्या लाइनवर यापेक्षा अवघड काम नाही.

शेजारच्या गार्डशी, म्हणजे तुझ्या नि टॅकलच्या मधल्या गड्याशी, दोस्ती कर. दोघांनी मिळून एकाला रेटायचं आणि ऐन वेळी एकाने सुटून लाइनबॅकरवर जायचं, हे सवयीनेच जमतं. तो जागा सोडून पलीकडच्या बाजूला ब्लॉक करायला पळाला, तर त्याची मोकळी जागाही बहुतेकदा तुलाच बुजवावी लागेल.

नावाजलेला सेंटर जेसन केल्सी आपल्या क्लीव्हलंड हाइट्सचाच. सिनसिनाटी विद्यापीठात तो स्कॉलरशिपशिवाय आला होता, लाइनवर नंतर गेला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) सहाव्या फेरीत त्याचं नाव आलं, १९१ वं. लाइनवरच्या इतरांपेक्षा तो हलका होता, पण चपळ आणि समोरचं झटकन ओळखणारा. फिलाडेल्फिया ईगल्स टीमसाठी तेरा सीझन सेंटर खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्याचे जुने सामने बघ. बॉलकडे बघू नकोस, स्नॅपनंतर त्याचे पाय कुठे जातात ते बघ.

थंडीत शाळेच्या कुस्तीच्या टीममध्ये जा. कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून खाली राहायचं, हे मॅटवर अंगात मुरतं. हात समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला ठेव. बाहेरून जर्सी धरलीस की होल्डिंगचा फाउल, दहा यार्ड गेले.

आणि ओल्या बॉलने स्नॅपचा सराव आत्तापासून कर, ऑक्टोबरात आपल्याकडे पाऊस असतोच. आईला सांग, मॅचचा व्हिडिओ साइडलाइनवरून नको, एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागून काढ. तिथून पाचही जण नीट दिसतात. त्याच रात्री पाठव, मी बघून फोन करतो.

तुझा,
बाबा