झाडं उपटायला लावणाऱ्या काकूंना

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत वाचायला ठेवतेय, त्याला कारण आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणता आणि शेजारच्या कुंडीत बोट खुपसून विषय बदलता. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

उन्हाळा लागला तसं नळाचं पाणी आधी एक दिवसाआड यायला लागलं आणि मग तेही बेभरवशाचं झालं. त्याच सुमाराला मी तुम्हाला बोलावलं. मला हवं होतं पिवळ्या पानांवरचं औषध. तुम्ही पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलंत, ‘घरातलं सगळं भागल्यावर बागेला रोज किती पाणी उरतं?’ मी म्हणाले, तीन बादल्या, फार तर. तुम्ही म्हणालात, ‘मग तीन बादल्यांची बाग करू.’

आयुष्य रोपवाटिकेत घालवलेल्या माणसाकडून मी असं काहीतरी ऐकेन की ज्याने सगळीच झाडं तगतील, अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही मात्र पहिल्या फेरीतच पिटुनिया, पॅन्सी आणि डायन्थसकडे बोट दाखवून म्हणालात, ‘ही काढ.’ जीव खालीवर झाला माझा. पिटुनियाला तर अजून फुलं होती. पण ही थंडीत रमणारी झाडं, पारा चढला की ती दांड्या लांबवतात, बी धरतात आणि जातात, त्यांना पाणी पाजणं म्हणजे निघालेल्या पाहुण्याला आग्रहाने दुसऱ्यांदा जेवायला बसवणं, असं तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपटलेलं फेकू मात्र दिलं नाहीत. कीड-रोग नसलेली रोपं तिथल्या तिथे कात्रीने बारीक करून मोगऱ्याच्या आळ्यात पसरलीत.

काकू, पाणी कसं द्यावं हे सांगणारे मला खूप भेटले. कुणाला द्यायचं नाही, हे ठरवून देणाऱ्या तुम्ही एकट्याच. त्या एका फेरीत निम्मं ओझं उतरलं. नाहीतर सगळ्यांना थोडं थोडं पाजत राहिले असते आणि कुणाचीच तहान भागली नसती.

थोड्या थोड्या पाण्याचं हे गणितही तुमच्यामुळेच कळलं. रोज वरवर शिंपडलं तर वरचा एखादा इंच ओला होतो, मुळं त्या ओलाव्यासाठी वरच घुटमळतात आणि नेमका तोच थर उन्हाने आधी तापतो, आधी सुकतो. त्यापेक्षा जमिनीतल्या झाडांना दोन-चार दिवसांनी, पण सहा-आठ इंच खोल उतरेल इतकं पाणी एकदम द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात. कुंड्यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही, लहान कुंडी कडक उन्हात दिवसाकाठी सुकते, हेही तुम्हीच बजावलंत. म्हणून वेळापत्रक नाही, बोट. दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे जायचं. आता माझ्या नखांत कायम माती असते आणि त्याबद्दल घरातून बोलणीही ऐकावी लागतात.

जास्वंदीची दुपार मात्र सविस्तर लिहायलाच हवी. दोनच्या सुमाराला पानं अशी लोंबली होती की मी तांब्या घेऊन धावलेच. तुम्ही माझं मनगट धरलंत. ‘माती बघ आधी.’ माती ओली होती. भर दुपारी पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त होतो, तेव्हा खाली ओल असूनही झाड मान टाकतं. त्यावर आणखी पाणी ओतलं तर मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि पुढे कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड पुन्हा सुकल्यासारखं दिसतं आणि माणूस पुन्हा पाणी ओततो. संध्याकाळी ऊन कललं तशी जास्वंद आपोआप ताठ झाली. तेव्हापासून मी दुपारी बागेकडे फिरकतच नाही, उगाच जीव कळवळतो. सकाळी उठून पाहते. सकाळीही मान खाली असेल, तर ते झाड खरंच तहानलेलं.

याच्या उलट प्रकार त्या कोकोपीटवाल्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या कुंडीत होता. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर, आणि मला वाटायचं भरपूर झालं. तुम्ही कुंडी उचलून माझ्या हातात दिलीत. कागदी खोक्यासारखी हलकी! माती वाळून आक्रसली होती, कडेने बोटभर फट पडली होती, पाणी त्या फटीतून थेट पळून जात होतं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. घमेल्यात पाणी घेऊन तुम्ही कुंडी त्यात बसवलीत. बुडबुडे यायला लागले, आधी भराभर, मग एखादाच, मग थांबले. पुन्हा उचलायला लावलंत तेव्हा दोन्ही हात लागले. कुंडीचं वजन हेच तिचं मीटर, हे त्या दिवशी हाताला कळलं ते कायमचं.

पाणी सकाळीच का, यावर शेजारच्यांशी माझा वाद झाला तेव्हाही तुमची आठवण आली. त्यांचं म्हणणं, उन्हात पानांवर थेंब राहिले की भिंगासारखे ऊन एकवटतात आणि पान जळतं. हे सगळीकडेच ऐकायला मिळतं. पण 2010 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं आहे. गुळगुळीत पानांवर बसलेल्या थेंबांनी डाग पडत नाहीत, कारण थेंब पानाला चिकटून असतो आणि किरण एकवटतात ती जागा पानाच्याही खाली जाते. लव असलेल्या पानांवर थेंब केसांच्या टोकांवर उचललेला राहतो, तिथे मात्र इजा होऊ शकते. सकाळी पाणी देण्याची खरी कारणं साधी आहेत. तेव्हा वाफ कमी होते, झाड ऊन चढायच्या आत भरून घेतं आणि पानं दिवसा वाळतात, रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण देत नाहीत. तुम्ही हे सगळं ‘सकाळी दे, मुळाशी दे’ एवढ्यात उरकता. आणि हो, पाइपात तापून राहिलेलं पाणी आधी बादलीत सोडायला तुम्हीच लावलंत. हात लावून बघितला, चटकाच बसला.

आच्छादनाचं मी फार लांबवत नाही. दोन-तीन इंच वाळका पाला, खोडापासून चार बोटं लांब. पाला बाजूला सारून खालची माती हाताला लावून पाहिली की ती गार आणि ओली लागते, कुणालाही पटेल. कुंड्या तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवणं, त्या एकमेकींना खेटून लावणं, प्लास्टिकची काळी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधे पाला भरणं, ही कामं एका सकाळीत झाली. शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, 50 टक्के ऊन अडवणारी, तीही फक्त दुपारनंतरच्या उन्हाच्या बाजूने आणि झाडांच्या हातभर वर. माझ्या मते ज्यांना नेट परवडत नाही त्यांनी पांढरी जुनी चादर बांधावी. वारा खेळता राहिला की झालं.

मोगऱ्याजवळ पुरलेला माठ मात्र माझा लाडका आहे. गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकण, आत पाणी. न चकाकवलेल्या भाजक्या मातीतून ते बाजूच्या कोरड्या मातीत हळूहळू झिरपतं. माती ओली झाली की झिरपणंही मंदावतं, म्हणजे पाणी किती सोडायचं ते मातीच ठरवते. ही युक्ती सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीलेखनात सापडते, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, ‘असेल. माठ भरलास का?’

उन्हाला भिणाऱ्या झाडांची रड आपण पुष्कळ ऐकतो. उन्हावर जगणाऱ्यांचं कौतुक कुणी करत नाही. सदाफुली, चिनी गुलाब, झिनिया, गेलार्डिया, यांनी माझ्या तीन बादल्यांतली जेमतेम एक घेतली आणि अंगण रंगवून टाकलं. चिनी गुलाबाच्या पानादांड्यांत तर पाणी साठवलेलंच असतं. बोगनवेलीला तुम्ही जवळजवळ उपाशी ठेवायला सांगितलंत, जास्त पाणी दिलं की ती नुसता पाला काढते. तशी ठेवली, तर सगळी वेल गुलाबी. झिनियाची सुकलेली फुलं वेळच्या वेळी खुडायची, म्हणजे ती बी धरण्यात न गुंतता पुन्हा कळ्या काढते, हा माझा आता संध्याकाळचा विरंगुळा आहे.

गुलाबांना मात्र तुम्ही रजेवर पाठवलंत. खत बंद, छाटणी बंद, कुंडी बदलणं बंद. कोरड्या मातीत खत पडलं तर मातीतले क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं आणि पानांच्या कडा करपतात. छाटलं की कोवळी फूट येते आणि तीच उन्हात आधी भाजते. कळ्याही खुडायला लावल्यात, कारण या दिवसांत फूल लहान येतं आणि पाकळ्या कडेने जळतात. ‘जगू दे, फुलायला वर्ष पडलंय,’ हे तुमचं वाक्य मी गुलाबांना अधूनमधून ऐकवते.

आरओ फिल्टरमधून बाजूला निघणारं पाणी मी कुंड्यांना घालायला निघाले होते, ते तुम्ही अडवलंत याबद्दलही आभार. त्यात क्षार एकवटलेले असतात, रोज घातलं तर मातीवर पांढरी साय धरते. ते फरशी पुसायला गेलं. भाज्या धुतलेलं पाणी आणि एसीतून ठिबकणारं पाणी फुलझाडांना चालतं. साबणाचं, ब्लीचचं चालत नाही. या हिशेबात दिवसाला आणखी अर्धी बादली सुटली.

आणि तो कोळी! पानं धुळकट पिवळी दिसत होती, मी आपली पाणी कमी पडतंय म्हणून बसले असते. तुम्ही पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारलीत. कागदावर मिरीच्या पुडीएवढे ठिपके पडले आणि ते चालायला लागले. लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी ही बारीक कीड, कोरड्या उष्ण हवेत झपाट्याने वाढतो. तुम्ही औषधाचं नावही काढलं नाहीत. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आणि जास्त बाधलेली पानं तोडून बंद पिशवीत. मुळाशी पाणी द्या म्हणणाऱ्या तुम्ही इथे पानं धुवायला लावता, याची मला गंमत वाटली होती.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलेलं नाही, ते इथे सगळ्यांदेखत सांगते. हायड्रेंजिया मी काढली नाही. तिला पूर्ण सावलीत, न्हाणीघराच्या खिडकीखाली हलवलं आणि पाणी पाजत राहिले. फूल एकही नाही. तिने प्यायलं तेवढ्यात सदाफुलीचा आख्खा वाफा निघाला असता, हे तुमचं गणित मला मान्य आहे. पुढच्या उन्हाळ्यातही मी तिला काढणार नाही.

तुमचं घमेलं अजून माझ्याकडेच आहे. ते द्यायला येईन तेव्हा झिनियाचं बी घेऊन येते. पूर्ण वाळलेल्या फुलांचं काढलंय आणि कागदी पाकिटात भरलंय. सगळे रंग एकाच वाफ्यात होते, त्यामुळे गुलाबी म्हणून दिलेल्यातून नारिंगीही निघेल. पाकिटावर म्हणून रंग लिहिलेला नाही. अर्धं तुम्ही ठेवा आणि अर्धं ज्यांच्या कुंडीत पुढच्या वेळी बोट घालाल त्यांना द्या.

तुमची,
भिंतीपलीकडची