विषय: खराब रॅम आणि तुमची ‘नाशिकची लाइट’

ग्राहकसेवा व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं घालवली आणि शेवटी पुन्हा तेच ऐकलं: ‘सर, एकदा फॉरमॅट मारून बघा.’ तीनदा मारून झालाय. टॅलीही तीनदा नव्याने टाकलं. म्हणून आता लेखी.

दीड महिना झाला, तुमचा कॉम्प्युटर, म्हणजे हे मशीन, दिवसातून दोन-तीनदा निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतं. २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरताना, चार वेळा. क्लायंट समोर बसलेले.

तुमचा इंजिनिअर सिडकोतल्या माझ्या ऑफिसात आला. विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडलं, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं आणि निकाल लागला. ‘बघा सर, पॉवर लिहिलंय. नाशिकला लाइटचा प्रॉब्लेम असतोच.’ म्हटलं, अरे बाबा, मशीन यूपीएसवर आहे, त्याच यूपीएसवरचा राउटर एकदाही बंद पडलेला नाही. तर हसला. ‘सर, तुम्ही अकाउंट्सवाले ना? हे टेक्निकल आहे.’ आणि चहा पिऊन गेला. चहाही माझाच.

तर टेक्निकल ऐका. ४१ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच. का, ते ती ओळ सांगत नाही. तीच नोंद ‘डिटेल्स’मध्ये उघडली की बगचेक कोड, म्हणजे क्रॅशच्या कारणाचा नंबर, दिसतो. नुसती लाइट गेली असती तर तिथे ० असता. माझ्याकडे २६ आहे, हेक्समध्ये (१६ च्या पायावर) १ए: मेमरी मॅनेजमेंट, म्हणजे संशय रॅमवर. साहेबांनी तिथवर स्क्रोलच केलं नाही.

शनिवारी रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून मीच लावलं, अकाउंट्सवाल्याने. रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, एकेक करून, एकाच स्लॉटमध्ये. पहिली चारही फेऱ्यांत स्वच्छ. दुसरीला पहिल्याच फेरीत एररची रांग. स्लॉट तोच, तेव्हा आता मदरबोर्डचं नाव काढू नका. ती स्टिक काढून चार दिवस झाले, एकही क्रॅश नाही. लाइट तीच, नाशिक तेच.

माझा पहिला कॉम्प्युटरही तुमचाच होता, नऊ वर्षं कुरकुर न करता चालला. त्याच नावावर विश्वास ठेवून हा घेतला, ही माझी चूक.

वॉरंटी चालू आहे. सात दिवसांत रॅम बदलून द्या, नाहीतर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. टेस्टचे फोटो जोडलेत. खराब स्टिक पाकिटात घालून ठेवलीय. न्यायला माणूस पाठवाल तो ११ तारखेला नको, त्या दिवशी जीएसटीआर-१ ची मुदत असते. आणि फॉरमॅट मारणार नाही.