पळसदेवचा फोटो पाहून

पुणे, २० मे २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोटो पाहिला आणि झोपच उडाली. उजनी धरणाचं पाणी तळाला गेलंय, मागे पळसनाथाचं देऊळ आणि तू तुमच्या जुन्या घराच्या जोत्यावर उभा. पायाखाली भेगाळलेला गाळ. फोनवर उत्तर लिहायला घेतलं, पण ते दोन ओळींत मावेना, म्हणून कागद काढला.

एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली, पंचेचाळीस वर्षं. १९७९ साली बारामतीच्या शाळेत आपण एका बाकावर आलो तेव्हा तुमचं गाव धरणापायी नुकतंच उठलं होतं आणि आम्ही नुकतेच विलायतेहून आलो होतो. तू विचारलंस, "तुझं गाव कसं होतं रे?" मी म्हणालो, "थंड." बस, एवढंच. तू नदीबद्दल, घाटाबद्दल तास न् तास बोलायचास आणि मी गप्प बसायचो. तुझं गाव पाण्यात गेलेलं, माझं जागच्या जागी होतं. त्याचं कौतुक तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने करायचं? आज करतो.

डर्बीशायरात शेफील्ड आणि मँचेस्टरच्या मधे होप व्हॅली नावाचं खोरं आहे. बाबा तिथे सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर होते. दगडी घरं, ओल्या कोळशाचा वास, उतारावर मेंढ्या आणि डोंगरभर चुना-माती न लावता रचलेल्या दगडी भिंती. आई रत्नागिरीकडची. त्या भिंती पाहून ती म्हणाली, "हे तर आपले गडगेच की!" त्या एका शब्दाने तिला तिथे धीर आला असावा, असं मला आता वाटतं. दूधवाला तिला "मी डक", म्हणजे "माझ्या बदका", म्हणायचा. "बदक काय म्हणतो मला!" म्हणून पहिले काही दिवस ती दार अर्धंच उघडायची. मग कळलं, तिकडे पोरांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांनाच मायेने तसं म्हणतात. पुढे आम्ही घर सोडलं तेव्हा आई त्याच्याशीच सगळ्यात जास्त वेळ बोलत उभी होती.

शेजारी एक म्हातारी राहायची. तिला आम्ही ग्रॅन म्हणायचो. तिने एकदा ओटच्या पिठाची, आंबवलेल्या सरबरीत पिठाची, तव्यावर घातलेली धिरडी आणून दिली. ओटकेक म्हणतात त्यांना. आईने तुकडा मोडला, जाळी पाहिली आणि म्हणाली, "आंबोळी!" ती लोकं त्याबरोबर डुकराचं मांस खातात, आम्ही लसणीची चटणी लावून खाल्ली. ग्रॅनलाही दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पानात काही टाकलं नाही.

हॅदरसेजच्या चर्चच्या आवारात रॉबिन हूडचा सोबती लिटल जॉन पुरलेला आहे, असं सांगतात. ती कबर इतकी लांब की मी आणि ताई एकापुढे एक आडवे झालो तरी जागा उरायची. कॅसलटनला २९ मे रोजी एका माणसाला घंटेच्या आकाराच्या फुलांच्या मोठ्या टोपात कमरेपर्यंत झाकून घोड्यावरून मिरवतात आणि मग तो टोप चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. क्रिकेट तर विचारूच नकोस. १९७५ साली बक्स्टनला बाबांच्या खांद्यावर बसून मी क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद १६७ धावा पाहिल्या. शनिवार होता. सोमवारी, २ जूनला, त्याच मैदानावर बर्फ पडला आणि खेळ झालाच नाही!

पण मला खरं सांगायचंय ते विहिरी सजवण्याबद्दल. त्या भागात उन्हाळ्यात गावोगावचे झरे आणि विहिरी फुलांनी सजवतात. टिसिंग्टनला तर हे शेकडो वर्षं चाललंय. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजत घालायच्या, मग त्यावर मिठाच्या पाण्यात मळलेली चिकणमाती थापायची. चित्र बहुधा बायबलातलं. त्याची रेघ आल्डर झाडाच्या इवल्याशा काळ्या बोंडांनी काढायची आणि आत एकेक पाकळी बसवायची. गावातल्या बायका एका कोठारात रात्री उशिरापर्यंत वाकून बसलेल्या असत. ग्रॅन आईला घेऊन गेली. आईने सवयीने वरून सुरुवात केली, तर ग्रॅनने तिचा हात अलगद धरून खाली नेला. खालून वर लावत जायचं, कौलं शाकारतात तसं, प्रत्येक पाकळी खालच्या पाकळीवर जराशी चढवून, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. मी फळीशेजारी स्टुलावर बसलो होतो. हायड्रेंजियाची निळी पाकळी आई अंगठ्याने दाबायची आणि कडेने मातीचा थेंबभर ओलावा वर यायचा, तो मला अजून दिसतो. आठवड्याभरात सगळं सुकून जातं, तरी बायकांनी तीन रात्री जागवल्या.

मग आलं १९७६. इंग्लंडात असा उन्हाळा कुणी पाहिला नव्हता. गवत पिवळं पडलं, लाल ठिपकेदार लेडीबर्ड किड्यांचे थवेच्या थवे अंगावर बसत. ऑगस्टात लेडीबॉवर धरण आटलं आणि बातमी आली, डर्वेंट वर आलंय.

डर्वेंट म्हणजे ग्रॅनचं गाव. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफील्ड यांना पाणी हवं म्हणून डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं उठवली. १९४५ साली राजा येऊन उद्घाटन करून गेला. जुना दगडी पूल एकेक दगड सुटा करून वर, खोऱ्याच्या माथ्याशी पुन्हा बांधला. कबरी उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात नेल्या, त्यात ग्रॅनची आई होती. चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून डोकं काढून उभा होता, तोही १९४७ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडला. पूल हलला, कबरी हलल्या, घरं तेवढी राहिली.

बाबांनी तिला गाडीतून नेलं. आम्ही सगळे बरोबर. गाळ अगदी तुझ्या फोटोतल्यासारखा, भेगांमध्ये माझी बोटं जात होती. गुडघ्याएवढ्या भिंती, एका फाटकाचे दोन दगडी खांब. ती काठी टेकत चालली, कुठे वळायचं ते कुणाला विचारलं नाही. एका चौकटीशी थांबली आणि आत जाऊन पावलं टाकू लागली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. सहा. मागे फिरली, पुन्हा मोजली. सहाच.

"आम्ही सात भावंडं इथे जेवायला बसायचो," ती म्हणाली. "एवढंसंच होतं?"

रडली नाही. आई तिची पर्स धरून उंबऱ्याबाहेर उभी होती, आत गेली नाही.

त्या रात्री आईने रत्नागिरीला आजीला पत्र लिहिलं. शेवटी एक ओळ होती, "आपलं माजघर किती पावलं भरतं ते मोजून कळव." महिन्याभराने आजीचं हवाई टपालाचं पत्र आलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, "अकरा. पण का गं?" ते पत्र आईच्या पेटीत मला गेल्या वर्षी सापडलं.

दत्ता, तू बोलायचास त्यात घराचा सोपा नेहमी असायचा. जत्रेला आलेले वीस-वीस पाहुणे त्यात झोपायचे म्हणायचास. पाऊस तोंडावर आलाय, पाणी चढायला वेळ लागणार नाही. त्याआधी वहिनींना घेऊन पुन्हा एकदा जा आणि सोपा किती पावलं भरतो ते मोजून कळव. रविवारी येऊ शकलो तर मीही येतो, दोघं मिळून मोजू.

तुझा,
श्री