आप्पा, तुझा भाग बाकी आहे

भुसावळ,
आषाढ वद्य

प्रिय आप्पा,

फोनच केला असता, पण शेठचं नाव निघालं की तुझी लगेच मीटिंग सुरू होते. म्हणून कागद काढला. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नको. इकडे घरी सगळे बरे आहेत. वडिलांची शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच.

तर ऐक. 2014 मध्ये तू, मी आणि शेठ, आपण तिघांनी कॉम्प्युटरवर काढलेले डोजकॉइन, ते कुत्र्याच्या चित्राचं इंटरनेटवरचं चलन, सापडले. 1,61,999. एकही कमी नाही. आणि शेठ तुझ्याशी का बोलत नाही, तेही त्याच फाइलमधून कळलं. तुला वाटतं ते लाइट बिलावरून आहे, किंवा तू मशीनचं ग्राफिक्स कार्ड परस्पर विकून पैसे ठेवलेस म्हणून, किंवा त्याच्या लग्नाला आला नाहीस म्हणून. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. नाही भो. त्याला वाटत होतं की तू ते सगळे उचललेस.

लगेच तापू नको. आधी पुढचं वाच.

मागच्या महिन्यात शेठ माझ्या दुकानी आला. वादळाने त्याची निम्मी केळी आडवी केलीत, घडासकट. त्यात बऱ्हाणपूरचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी वेगळीच. माणूस बारीक झालाय. खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. तोच, काळा, टोपण हरवलेला, ज्याला तू पिवळी चिकटपट्टी लावली होतीस. म्हणाला, "हे पाह्य आन् मले सांग, मी खोटा हाये का." मला आधी काही उलगडेना. मग हळूहळू बाहेर आलं.

मे 2021 मध्ये, लॉकडाउनात, डोज सत्तर सेंटच्या वर गेला होता ते आठवतंय? सगळीकडे त्याचंच चाललं होतं. तेव्हा शेठने कपाटातून हा पेनड्राइव्ह काढला आणि भाच्याला सांगून त्यातली वॉलेटची फाइल, म्हणजे नाण्यांच्या गुप्त चाव्यांची फाइल, कॉम्प्युटरवर चढवली. सगळी ब्लॉकचेन, म्हणजे डोजच्या सगळ्या व्यवहारांची वही, उतरेपर्यंत शिल्लक शून्यच दिसत होती, ते ठीक, तोवर तसं दिसतंच. पण सगळं उतरल्यावरही शून्य. यादीत शेवटची नोंद जून 2014 ची आणि तिच्यापुढे वजा 1,82,000. आपण त्या दिवशी विकले होते 20,000, नाशिकच्या त्या पोराला, चारशे रुपयांत, आणि त्या पैशांची शेवभाजी खाल्ली होती हायवेवरच्या ढाब्यावर. मग बाकीचे गेले कुठे? भाच्याने नोंद उघडून दाखवली: 20,000 एका पत्त्यावर, 1,61,999 दुसऱ्याच पत्त्यावर. पत्ता म्हणजे खाते नंबरसारखाच. आणि तो दुसरा पत्ता या वॉलेटला ओळखीचाच नाही. कीबोर्डवर त्या दिवशी कोण बसलं होतं? तू.

त्याने तुला तेव्हाच फोन केला होता. तू मोठ्या काकांना घेऊन दवाखान्यात होतास, बेड मिळत नव्हता, "नंतर बोलतो" म्हणून ठेवलास. तुझ्या ते ध्यानातही नसेल. शेठने मात्र त्याचा अर्थ लावून टाकला. तेव्हापासून पाच जणांत तुझं नाव निघालं की तो उठून जातो.

आप्पा, त्याच्यावर रागावण्याआधी एवढं लक्षात घे की त्या स्क्रीनवर तसंच दिसतं. मी स्वतः पाहिलं. तुझा स्वभाव माहीत असूनही मला घाम फुटला. पण एक गोष्ट खटकली. मी त्या दुसऱ्या पत्त्याचा माग काढला, तर जून 2014 नंतर त्यातून एक नाणंही हललेलं नाही. भाव सत्तर सेंटवर गेला तेव्हाही नाही. चोरून नेणारा माणूस असं ठेवून देईल का? तिथेच मला वाटलं की ते आपल्याच घरात आहेत, फक्त खोली वेगळी आहे.

झालं असं होतं बघ. मायनिंगचे, म्हणजे मशीन चालवून मिळणारे, बारीक बारीक पैसे जमायचे, ते तू मार्चात एकत्र करून एकाच पत्त्यावर घेतलेस, 1,82,000 चा एकच गठ्ठा. त्याच दिवशी मी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली. संध्याकाळी तू पासवर्डचा हट्ट धरलास. किती भांडलो होतो त्यावरून! शेठ म्हणत होता, "दोन पैशाच्या कुत्र्याले कुलूप कायले?" तर पासवर्ड लागला की हे सॉफ्टवेअर राखीव ठेवलेल्या जुन्या चाव्या बाजूला करतं आणि 100 नव्या तयार करतं. म्हणूनच ते बजावतं की जुने बॅकअप आता धरू नका, नवा घ्या. पुढे जूनमध्ये 20,000 पाठवले, तेव्हा गठ्ठा अर्धवट फोडता येत नाही म्हणून वॉलेटने तो पूर्ण खर्ची टाकला, एक डोज फी गेली, आणि उरलेले परत आपल्यालाच दिले, पण नव्या चावीच्या पत्त्यावर, कारण प्रत्येक चावीचा पत्ता वेगळा. दुकानात नोट मोडावी आणि सुट्टे दुसऱ्या खिशात जावेत, तसं. पेनड्राइव्हवरच्या फाइलला हा दुसरा खिसा माहीतच नाही. तिच्या लेखी सगळंच बाहेर गेलं. तिचं काही चुकलेलं नाही, आणि शेठचंही नाही.

म्हणजे पासवर्डनंतरची फाइल हवी होती. मशीन कुठे आहे विचारलं, तर म्हणे फैजपूरला, त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, खताच्या गोण्यांमागे. आपला तो डबा! आठवतं, मार्चातच पारा चाळीसच्या वर, आणि जळगावात पिंप्राळ्याच्या खोलीतला कूलर आपण कार्डाच्या तोंडावर लावायचो. वाळ्याचा वास ग्राफिक्स कार्डाला आणि आपण तिघं गच्चीवर मच्छर मारत. शेठच्या काकांना वाटायचं पोरं रात्रभर प्रोजेक्ट करतात. फेब्रुवारीत मायनिंगचं बक्षीस निम्मं झालं तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. आणि जमैकाच्या बॉबस्लेवाल्यांना, त्या बर्फावरच्या घसरगाडीच्या टीमला, सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून डोजवाले वर्गणी काढत होते, त्यात शेठने 500 टाकायला लावले होते. बर्फ बघितला नाही कधी, पण मदत करायची! तेव्हा हसलो होतो त्याला. तो आजही तसाच आहे, दुसऱ्याची उधारी मागवत नाही त्याच्याने.

मशीन आणलं. सुरू करून बघायचा मोह टाळला. डिस्क काढली, जळगावच्या गोलाणी मार्केटातून केबल आणली, आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी कॉपी घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. सुरुवातीला डिस्क टक टक वाजत होती, माझे हातपाय गार. मग लागली सुरळीत. सी ड्राइव्ह भाच्याने कधीच फॉरमॅट मारून गेम टाकलेले. वॉलेट तर तिथेच असतं, विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात. आशा सोडायची वेळ आली होती. पण मला तुझी सवय माहीत. तू पिक्चरसुद्धा 'प्रॅक्टिकल'च्या फोल्डरमध्ये ठेवायचास. डी ड्राइव्ह एकेक फोल्डर उघडत गेलो. 'मशीन डिझाइन सबमिशन', त्यात 'लेथचे फोटो', त्यात एक झिप. त्यात लेथचा एकही फोटो नाही. वॉलेट.डॅट, तीच वॉलेटची फाइल! तारीख पासवर्डनंतरची. आप्पा, तू समोर असतास तर मी तुला उचलून नाचलो असतो.

शेठला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोरच फाइल चढवली, म्हणजे पुन्हा काही शंका नको. रीस्कॅन लावलं, म्हणजे ती वही पहिल्यापासून पुन्हा तपासायला. तो बाजूच्या स्टुलावर बसून होता, चहा तसाच, वर साय धरलेली. टक्के सरकत होते, 2014 मागे पडलं तरी मी काही बोललो नाही. पूर्ण झालं आणि शिल्लक आली, 1,61,999. जूनच्या त्याच नोंदीपुढे आता वजा 1,82,000 नव्हतं, वजा 20,001 होतं. मी फक्त तिच्यावर बोट ठेवलं. शेठने ते वाचलं, पुन्हा वाचलं, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "म्हंजे आप्पानं काहीच नेलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. मग तो बराच वेळ बोलला नाही.

आता अडचण. शिल्लक दिसते, कारण पत्ते फाइलमध्ये उघडेच असतात. पण खाली उजव्या कोपऱ्यात कुलूप आहे. खर्च करायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो तुझ्याच डोक्यातून निघालेला: तीन भाग, तिघांनी एकेक टाकायचा, बाकी दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं. आधी शेठ, मग मी, शेवटी तू. पुन्हा खात्रीच्या रकान्यात तेच सगळं. शेठने तर कीबोर्डवर रुमाल धरला होता! माझा भाग मला पाठ आहे. शेठचाही त्याला पाठ आहे, त्याने शपथेवर सांगितलं. पण तो एकटा टाकायला तयार नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "आप्पा समोर बसीन तं टाइप करीन. नही तं पडू दे तसंच. मले त्याच्याशी बोलायचं हाये."

कर्जाने गळ्यापर्यंत आलेला माणूस हे म्हणतोय, आप्पा. याचं मोल तुला कळेल, दुसऱ्या कुणाला मी सांगूही शकत नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, फोनवरून विचारून टाका ना. तिला काय ठाऊक, ती गच्ची काय होती.

माझी रात्रीची झोप उडालीय ती दोन कारणांनी. एक, तुला तुझा भाग आठवतो की नाही. पासवर्ड चुकला म्हणून फाइल बंद पडत नाही, कितीही वेळा टाकता येतो, ते बरं आहे. थोडंफार आठवलं तरी उरलेलं प्रोग्रॅम लावून जुळवून बघता येतं, पण काहीच आठवत नसेल तर कठीण. मोठा होता तुझा भाग, खटखट खूप वेळ चालली होती. कागदावर लिहून बघ, जुन्या वह्या बघ, बुलेटचा नंबर, गॅदरिंगचं ते नाव, काय असेल ते. मला मात्र कळवू नको. पत्रात नाही, फोनवर नाही, व्हॉट्सअपवर तर अजिबात नाही.

दुसरं कारण मोठं आहे. मला भीती वाटते की हे वाचून तू उसळशील. एवढ्या वर्षांचा संशय कुणालाही लागेल. तुला लागलाच पाहिजे, मी नाही म्हणत नाही. पण शेठ तुझ्याबद्दल गावात एक शब्द बोलला नाही. मलाही आत्ता सांगितलं, तेही केळी झोपल्यावर. पाच लोकांत बोलला असता तर तुझ्या आईच्या कानावर गेलं असतं, आणि तिला माहीत असतं तर तिने मला परवा बाजारात धरून "आप्पा कव्हय येस रे भाऊ?" असं हसत विचारलं नसतं. त्याने ते स्वतःच्याच पोटात ठेवलं आणि स्वतःलाच जाळलं. तू एकदा त्याच्यासमोर बस. तो काय म्हणतो ते ऐक. मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

वाटणीचं माझं मत आत्ताच सांगून ठेवतो. तीन सारखे भाग. कार्डाचे पैसे तुझे होते, खरं आहे, पण कार्ड विकून ते तू काढलेस. जागा आणि लाइट शेठची, बोलणी पण त्यानेच खाल्ली. रात्री जागून मशीन मी सांभाळलं. यात कमीजास्त काही नाही. आणि विकायचं ते सरळ मार्गाने. 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, वर सेस, विकताना 1 टक्का टीडीएसही कापला जातो. जळगावला सीएंशी बोलून ठेवलंय. शेठला कुणीतरी फोन करून म्हणालं होतं, फाइल पाठवा, थोडे आगाऊ द्या, आम्ही उघडून देतो. मी त्याला ताकीद दिलीय. फाइल माझ्याकडून कुठेही जाणार नाही.

तुझं काय? वाकडच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली थांबली ऐकलं, छान झालं. पोरीची अ‍ॅडमिशन झाली असेलच. वजन कमी कर.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसेल. रोटांच्या प्रसादाला तू येणारच, भाऊबंदांचं काम, तुझ्यावाचून आई रोट मोडू देणार नाही. सोमवारी विसर्जन झालं की दुपारी अमळनेरहून गाडी धर, मी भुसावळ स्टेशनवर असतो. शेठ फैजपूरहून येईल. तो येताना कळण्याचं पीठ आणणार आहे, बायकोने ठेच्याचं कबूल केलंय. जेवून मग मशीनवर बसू. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.

पत्र मिळालं की फक्त "येतो" एवढा मेसेज टाक. शेठला तुझा नंबर देऊ का, तेवढंही कळव. तो मागतोय.

तुझाच,
बाळू