प्राध्यापकांना साइटवर पाठवा

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुकादमाने विचारले, "साहेब, कव्हर ब्लॉक किती अंतरावर लावू?" कव्हर ब्लॉक म्हणजे सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे. स्लॅबला कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, किती मिलिमीटर हवे हे मला पाठ होते. पण ठोकळे लांब लांब असले आणि माणसे सळयांच्या जाळीवरून चालली की सळई दबते, मग कव्हर उरत नाही आणि पुढे पाणी मुरून सळई गंजते, हे कुणी दाखवलेच नव्हते. आमचे सर मनापासून शिकवत. मात्र शिक्षण संपताच तेही थेट वर्गात उभे राहिले होते, दाखवणार कोठून?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजना आणली. किमान १५ वर्षे अनुभव असलेल्या तज्ज्ञांना पीएचडीच्या अटीशिवाय नेमता येते. मात्र मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच. पाऊल चांगले आहे, पण नियमित शिक्षकांचे काय? वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा डॉक्टर सकाळी रुग्ण तपासतो, म्हणून त्याचे शिकवणे जिवंत राहते. अभियांत्रिकी, वाणिज्य, पत्रकारितेच्या शिक्षकांनाही दर पाच वर्षांनी सहा महिने पगारी रजेवर प्रत्यक्ष कामावर पाठवावे आणि तो काळ पदोन्नतीत शोधनिबंधांइतकाच धरावा. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना अशी रजा कोण देणार? म्हणून रिक्त पदे आधी भरा.

– एक स्थापत्य अभियंता, सातारा